दुल्हेमियाँची अंडी

माधवराव टाकळीकरांनी माझ्या वडिलांना फसवलं. आधी भाव सांगायचा आणि मग माल दाखवायचा ही माझी दुकानातली पद्धत, तीच इथे चालवते. ज्यांना हा भाव पटत नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, मी हाका मारून परत बोलावणार नाही. आणि फसवलं कशावरून, तर बोटानं जरा दाबलं की फुटतील अशा ओंजळभर अंड्यांवरून. लोकांचे बाप जमिनीवरून फसवले जातात, घरावरून फसवले जातात. आमच्या वाट्याला हे आलं.

त्या दिवसांत हैदराबादेत प्रत्येकाला आपण फसवले जाणार याची खात्री होती. राज्याचे तीन तुकडे व्हायचं ठरलं होतं. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे आणि बाकीचं आंध्राकडे. सरकारी नोकर कुठल्या तुकड्यात पडणार याच्या याद्या निघत, बदलत, पुन्हा निघत. अंबरपेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हॉटेल होतं. तिथे माणसं एका चहावर तास काढून रेडिओ ऐकायची आणि बाहेर पडताना ठरवून यायची की आपल्याला कोण लुबाडणार. तेलुगू माणसाला मराठी लुबाडणार होता, मराठी माणसाला तेलुगू, आणि उर्दूवाले म्हणत, आता आमचं राहिलंय काय लुबाडायला. आम्हीही बाहेरच्याच माणसाकडे डोळे लावून बसलो होतो. फसवणारा रविवारी आमच्याच घरी जेवायला येत होता आणि माय त्याला ताटात वरून तेल वाढत होती.

आमचं मूळ गाव नांदेडकडचं. अप्पा, म्हणजे माझे वडील सोपानराव, कोठी नावाच्या पेठेजवळच्या एका सरकारी कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडर होते. घर दोन खोल्यांचं, मागे आडाचं अंगण. ज्वारी गावाकडून पोत्यानं यायची, पण माईच्या वरणात चिंच कधी शिरली ते तिलाही कळलं नव्हतं. गावाकडचे पाहुणे तोंड वाकडं करत, "वहिनी, डाळ आंबली का?" माय चुलीशी मराठी बोलायची, भाजीवालीशी तेलुगू, दूधवाल्याशी दखनी, आणि माझ्याशी बहुतेक वेळा ओरडूनच. बाजारहाट दहाव्या वर्षापासून माझ्याकडे होता, कारण चार माणसं ज्या भावानं वांगी आणत त्याच्या खाली मी आणत असे. अंबरपेठेच्या बाजारातली एक म्हातारी भाजीवाली मला लांबून पाहूनच टोपलीवर फडकं टाकायची. "वच्चिंदम्मा," आली गं बाई, असं शेजारणीला म्हणायची. माय विचारायची, "यमे, तू भाजी आणायला जातीस का भांडण आणायला?" मी म्हणायची, "दोन्ही आणते. भांडणाचे पैसे पडत नाहीत." हे वाक्य मी मोठ्या तोऱ्यात म्हणत असे. भांडणाचे पैसे पडतात, ते मला पुढे कळलं.

प्रयोगशाळेत अप्पांच्या ताब्यात बेडूक, झुरळं, बरण्यांतले साप असा संसार होता. त्यात एका परदेशी प्राध्यापकानं मायदेशी जाताना चार प्राणी मागे ठेवले. नाव ॲक्सोलॉटल. मूळ मेक्सिकोच्या तळ्यांतला. वीतभर लांब, पालीसारखी अंगलट, रुंद हसरं तोंड, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना लाल झुपके, म्हणजे त्याचे कल्ले. हा जन्मभर पाण्यातच राहतो. बेडकाचं पिल्लू जसं शेपूट टाकून मोठं होतं तसं हा होतच नाही. त्याला पिल्लं झाली तरी हा आपला पोरच. कॉलेजचे चौकीदार महबूब चाचा. त्यांना ते लाल झुपके नवरदेवाच्या तोंडावरच्या सेहऱ्यासारखे दिसले, आणि त्यांनी नाव ठेवलं दुल्हेमियाँ. साहेबांपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी ते उचललं, कारण खरं नाव उच्चारताना जीभ अडखळायची. एकटी माय त्यांना पाण्यातल्या पाली म्हणायची आणि अप्पांना घरात शिरण्याआधी आडावर हात धुवायला लावायची.

अप्पांचे हात. इथे थोडं थांबते. त्या वर्षी अप्पांचे हात कापायला लागले होते. नुसते बसले की काही नसे. बारीक काम हातात घेतलं की सुरू व्हायचं. भाकरीचा घास तोंडापर्यंत जाईस्तोवर त्यातली चटणी सांडलेली असायची. माय त्यांना पाणी अर्ध्याच पेल्यात द्यायची आणि तिघंही, मी, माय आणि स्वतः अप्पा, पेले आमच्या घरात अर्धेच भरतात असं वागायचो. याद्या निघत असलेले दिवस. हात कापणारा अटेंडर कुठलं राज्य घेईल? दोन्ही राज्यांना धडधाकट माणसं हवी होती. अप्पांना अजून पाच-सहा वर्षं नोकरी होती आणि तेवढ्यावर माझं कॉलेज होतं. मी तेव्हा मॅट्रिक झालेली. आमच्या घराण्यात तिथवर कोणी मुलगी गेली नव्हती, आणि कोणी मुलगाही.

थंडी पडायला लागली आणि एका सकाळी महबूब चाचा सायकल हाणत आमच्या दारात आले. अप्पा अंघोळीला बसले होते. चाचा बाहेरूनच ओरडले, "सोपानभाई, जल्दी चलो! दुल्हेमियाँ अंडे दे रैं!"

माय चुलीपासून म्हणाली, "नवरदेवच अंडी घालायला लागला, आता राज्याचे तीन काय तेरा तुकडे होतील."

मी डबा पोचवायच्या निमित्तानं मागोमाग गेले. काचेच्या टाकीत मादी पाणवेलीच्या काडीला मागच्या पायांनी धरून एकेक अंडं पानाला चिकटवत होती. दाणा काळा, भोवती स्वच्छ काचेसारखा गोळा. भिजवलेला सब्जा ज्यानं पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. ती अंडी घालत पुढे जात होती आणि मागून दुसरे दोघे शांतपणे ती खात येत होते, चेहऱ्यावर तेच हसू ठेवून. ती हसरी तोंडं पाहून मला पुढे आयुष्यात बरीच माणसं ओळखता आली.

अप्पांनी चिमट्यानं पान धरायला हात पाण्यात घातला. पाणी थरथरलं. पहिलं अंडं फुटलं, दुसरं फुटलं, तिसऱ्याला त्यांनी हात लावला नाही. चिमटा टेबलावर ठेवला आणि हात खाकी पँटच्या खिशात घातले. प्रयोगशाळेत आम्ही तिघंच होतो. महबूब चाचांनी एकदा अप्पांच्या खिशांकडे पाहिलं, मग दाराशी जाऊन पाठ करून उभे राहिले आणि कोणी नसलेल्या व्हरांड्याकडे बघून म्हणाले, "अंदर सफाई चालूऐ, बाद में आओ."

मी चिमटा घेतला नाही. चिमट्यानं होणारं ते काम नव्हतंच. माय एकादशीचा भिजलेला साबुदाणा कसा मोकळा करते ते मी लहानपणापासून पाहत आले होते. ती दाणा चिमटीत धरत नाही. मी पाण्याखालीच कात्रीनं पानाची काडी कापली, अंड्यासकट ती चहाच्या बशीत तरंगत येऊ दिली, आणि बशी पाण्यानं भरलेलीच वर काढली. अंड्याला हवा लागली नाही आणि बोटही लागलं नाही. टाकीच्या तळाला सुटी पडलेली काही होती. नेहमीच्या ड्रॉपरच्या बारीक तोंडात ती चेपली असती. मी कोठीतल्या एका काचवाल्याकडून बोटाएवढ्या जाडीची नळी घासाघीस करून आणली. अप्पांनी दिव्यावर फिरवून तिची धार मारून दिली, मोठं काम त्यांना अजून जमायचं, आणि वरच्या टोकाला रबराची बोंडी बसवली. मग ते शेजारी उभे राहून सांगत गेले आणि मी करत गेले. पांढरं पडलेलं अंडं ताबडतोब बाजूला काढ, त्याला कापसासारखी बुरशी येते आणि ती शेजारच्याला धरते. एका भांड्यात गर्दी करू नकोस. ऊन नको. सगळं ज्ञान त्यांचंच होतं. त्यांना फक्त हात नव्हते, ते मी दिले.

तिसऱ्या दिवशी माधवराव टाकळीकरांनी आम्हाला पकडलं.

हे आमच्या शेजारच्या गावचे. कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर, चिक्कडपल्लीला भाड्याच्या खोलीत एकटे राहत. घरी आले की अप्पांना सोपानकाका म्हणायचे, माईला काकू. कॉलेजात नुसतं सोपान. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट घरी काका म्हणतात याचंच अप्रूप होतं. ते दारात उभे राहिले, माझ्या हातातली नळी पाहिली, अप्पांचे खिशातले हात पाहिले, आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली.

"काका, मला नाही का सांगायचं? मी काय परका आहे?"

अप्पा म्हणाले, "तसं नाही, माधवा. यादी निघायचीय ना."

"यादीत तुमचं नाव मी बघतो. पण इथे पत्र्याखाली ही अंडी राहायची नाहीत. दुपारी पाणी कोमट होतं. घरी न्या. तुमच्या अंगणात सावली आहे, आड आहे. यमुना सांभाळेल." मग माझ्याकडे वळून, "रोज काय दिसतं ते वहीत लिहीत जा. चित्रं काढ. वही मात्र मला द्यायची."

मी लगेच बोली लावली. "वहीवर नाव कुणाचं?"

"तुझं. आणि काकांचं. साहेबांसमोर मी स्वतः सांगेन."

"आणि अप्पांच्या हातांचं?"

"कसले हात?" माधवराव म्हणाले आणि हसले. "मी काही पाहिलंच नाही."

सौदा चांगला झाला असं मला वाटलं. इतका चांगला सौदा समोरचा इतक्या लवकर मान्य करतो तेव्हा थांबावं, हे वांग्यांच्या बाबतीत मला ठाऊक होतं. अंड्यांच्या बाबतीत सुचलं नाही.

कोठीहून अंबरपेठेला अंडी नेली ती दुधाच्या दोन बरण्यांत, बाहेरून ओलं पोतं गुंडाळून, सायकलरिक्षातून. बरण्या मांडीवर, वर माझे दोन्ही हात. रिक्षावाल्याला सांगितलं, हळू चालव, खड्डा चुकव. तो म्हणाला, "आहिस्ता चलाने के जास्ती पैसे लगते अम्मा, पाँवाँ दुखते." मी म्हणाले, जोरात चालवायचे जास्त असतात हे ऐकलंय, हळू चालवायचे पहिल्यांदाच ऐकते. त्यानं विचारलं, बरणीत काय? मी म्हणाले, दुल्हेमियाँची मुलं. त्यानंतर तो इतका हळू चालवायला लागला की एक म्हैस आम्हाला मागे टाकून गेली. उतरताना ठरल्याहून जास्त मागितलेही नाहीत, नुसतं बरणीकडे पाहून कानाला हात लावला.

घरी माईनं परात द्यायला नकार दिला. मग चिनी मातीच्या थाळ्या, एक फुटका कुंडा, शेजारच्या तेलुगू काकूंची कथलाची कळशी असं जमवून आडाजवळच्या सावलीत ओळ मांडली. भोवती ओली पोती. वरून मच्छरदाणीचं कापड, कावळ्यांसाठी. पाण्याचं शास्त्र मी स्वतः काढलं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास यायचा आणि पहिल्या थाळीतली अंडी त्यानं पांढरी पडली. दुसऱ्या खेपेला तेच पाणी रांजणात एक दिवस उघडं ठेवून मग वापरलं, काही झालं नाही. आडाचं पाणी गाळून घेतलं, तेही चाललं. सकाळी शाळेच्या वेळेला पूर्वी जो भोंगा ऐकून मी पळायची, त्या भोंग्याला आता पांढरी अंडी निवडायला बसायची. माय पलीकडे तांदूळ निवडत असायची. दोघींचे हात एकाच चालीनं चालायचे, तोंडंही. "पालीची बाळंतपणं करायला मॅट्रिक झालीस का?" ती म्हणायची. पण दुपारी ऊन सरकलं की माझ्या आधी उठून पोतं तीच भिजवायची. एकदा शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, एवढा सब्जा भिजवलाय, कोणाचं लग्न आहे? माय गंभीरपणे म्हणाली, "नवरदेव लहान आहे अजून."

वहीत मी रोज लिहिलं. गोल काळा ठिपका, मग लांबट, मग मुगाला कोंब फुटावा तशी वाकलेली शेपूट. आतल्या आत पिल्लू वळायला लागलं त्या दिवशी अप्पा कॉलेजातून आल्याबरोबर कपडे न बदलता थाळीशी उकिडवे बसले आणि माईनं दोनदा हाक मारली तरी उठले नाहीत. तीन आठवडे होत आले तेव्हा पिल्लं गोळ्यातून बाहेर पडली. पापणीच्या केसाएवढी, पण दोन्ही बाजूंना झुपके तेव्हापासूनच. अप्पा म्हणाले, "सेहरा बांधूनच आलेत." आमच्या घरात ते दिवस सगळ्यात चांगले गेले. हे मी आज म्हणतेय असं नाही, मला तेव्हाही कळत होतं.

वही दिली तेव्हा मात्र एक गोष्ट मी त्यात लिहिली नाही. पाणी एक दिवस उघडं ठेवायचं, हे गाळलं. का गाळलं? माधवरावांचा संशय होता म्हणून नाही. भाव करताना शेवटचा आणा मुठीत ठेवायचा, ही सवय. आज सांगायला मला संकोच वाटत नाही.

मग वाटणीचा दिवस आला. प्रयोगशाळेतल्या काही वस्तू मराठवाड्यात निघणाऱ्या नव्या कॉलेजाला जायच्या होत्या आणि त्यांच्याबरोबर माधवरावही. मोठे साहेब, म्हणजे विभागप्रमुख, खुर्चीवर. त्यांच्या शेजारी क्लार्क नरसिंगराव, तेलुगू माणूस, पुढ्यात डेड स्टॉक रजिस्टर. सरकारी कारभारात टेबल, खुर्ची, सूक्ष्मदर्शक सगळं त्यातच लागतं. दुल्हेमियाँही त्यातच लागले होते, कारण जिवंत मालाचं रजिस्टर कॉलेजाला कोणी पाठवलंच नव्हतं. "चार नग," नरसिंगराव वाचत होते. "दो इधर, दो उधर." मी पिल्लांच्या थाळ्या घेऊन अप्पांच्या मागे उभी. माधवरावांनी तसं बोलावलं होतं.

माधवराव पुढे झाले आणि साहेबांसमोर एक जाड वही ठेवली. इंग्रजीत लिहिलेली, टाचणीनं चित्रं लावलेली. चित्रं माझी होती. कोपऱ्यात माईच्या हळदीचा डाग तसाच होता. ते म्हणाले की हे काम मी रोज स्वतःच्या हातानं केलं. सोपाननं पाणी बदलायला मदत केली.

मी वाट पाहिली. ते आता माझं नाव घेतील म्हणून एवढी वाट पाहिली की साहेबांनी पानं उलटून शेवटचं पान गाठलं.

आणि मग मी बोलले. माधवराव, पुढचं वाक्य माझं आहे, ते मी कोणावर ढकलत नाही. मी म्हणाले, "साहेब, ही माझी वही आहे. प्रत्येक अंडं मी उचललंय. अप्पांचे हात कापतात, त्यांना पाण्याचा पेला धरता येत नाही, म्हणून मी केलं. यांनी एका अंड्याला हात लावलेला नाही."

मला माझा माल परत हवा होता. तो मिळवताना बापाला काट्यावर ठेवलं, हे तोंडातून शेवटचा शब्द सुटल्यावर कळलं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. 

नरसिंगरावांनी लेखणी दौतीत बुडवली आणि तशीच परत ठेवली. चष्मा काढून पुसत म्हणाले, "मेरेकू ये कान से कम सुनाई देताऐ, साब. बच्ची क्या बोली मालूम नै. आगे लूँ?"

हा परका माणूस. ज्याच्यापासून सावध राहा असं आम्हाला रोज हॉटेलात सांगितलं जाई तो. त्यानं दार उघडं धरलं होतं. साहेबही खिडकीबाहेर बघायला लागले होते. आणखी अर्धं मिनिट गेलं असतं तर माझं वाक्य हवेत विरून गेलं असतं.

माधवराव म्हणाले, "मी ऐकलं." त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं, लेखणी घेतली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायला वाकले. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचतही होते. सेवकाचे हात कापतात, नाजूक कामास अयोग्य, सबब काम स्वतः करावे लागले. बघा, केवढा हुशार माणूस. मी त्यांच्यावर फेकलेला दगड त्यांनी हवेत झेलला आणि त्याचीच पायरी करून तिच्यावर उभे राहिले.

साहेब अवघडून म्हणाले, "सोपान, हाथ दिखाओ ज़रा."

अप्पांनी हात पुढे केले. दोन्ही, पालथे, बोटं पसरून. आणि ते कापत नव्हते. कसे ते मला माहीत नाही, नंतर कोणा डॉक्टरला मी विचारलंही नाही. तव्यावरची भाकरी उलटायला लागतो तेवढा वेळ ते हात तिथे हवेत होते आणि दगडासारखे स्थिर होते. साहेबांनी पाहिले. नरसिंगरावांनी चष्मा परत चढवून पाहिले. माधवराव खाली वाकून शाईवर टीपकागद दाबत होते.

शाईत लागलेला शेरा खोडायला वरची परवानगी लागते, असं साहेब म्हणाले आणि सही केली. अप्पा या यादीतही आले नाहीत आणि त्या यादीतही आले नाहीत. त्यांना आजारी ठरवून घरी बसवलं. परत निघताना नरसिंगरावांनी माझ्या थाळ्यांकडे बोट केलं. "रजिस्टर में चार नग हैं. ये क्या है मेरेकू मालूम नै. जिसका है वो ले जाओ." ती पिल्लं मी घरी आणली, वाढवली आणि पुढच्या थंडीत शहरातल्या दुसऱ्या कॉलेजांना विकली. मग बेडूक, मग काचसामान. माझं कोठीतलं दुकान, जे आता मुलगा चालवतो, ते त्या थाळ्यांतून निघालं. माझं कॉलेज राहिलं ते राहिलंच. लोक मला स्वतःच्या हिमतीवर उभी राहिलेली बाई म्हणतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही, पण दुकानात पेले अर्धेच भरायची पद्धत का आहे ते नोकरांना आजवर कळलेलं नाही.

अप्पांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. एकदाच, त्या पिल्लांनी मोठी होऊन अंडी घातली तेव्हा, थाळीतलं पांढरं अंडं मी काढत असताना म्हणाले, "यमे, तुझा हात हलका आहे. तोंड जरा जड आहे." माय रागावली ती माधवरावांवर, आणि रागावली म्हणजे एवढंच की रविवारी एका माणसाचं पीठ कमी भिजवायला लागली.

माधवरावांनी नेलेल्या दोन नगांनी तिकडे पुढच्या हंगामात अंडी घातली आणि सगळी पांढरी पडली, असं चाचांनी कुठून तरी ऐकून सांगितलं. नळाचं पाणी. अहवालात त्यांनी हवामान प्रतिकूल असं लिहिलं म्हणे. मी त्या दिवशी शेवया केल्या. तेवढं मीही त्यांना फसवलं आहे, आणि त्याचं उत्तर मागायला ते आले तर मी दारातच देईन.

हे सगळं आज लिहायचं कारण माझ्या टेबलावर पडलं आहे. माधवरावांचा गौरवग्रंथ, जाड पुठ्ठ्याचा. बारीक छापा मला आता दिसत नाही आणि नातवाला मराठी धड वाचता येत नाही, तरी त्यानं एकेक अक्षर लावत मला आठवणींचं पान वाचून दाखवलं. "हैदराबादेत त्या काळी मी एकेक अंडे स्वतःच्या हातांनी उचलले." नातू म्हणाला, "आज्जी, बहुत मेहनती आदमी है ये." मी ग्रंथ बंद करायला लावला. त्यांच्या पत्त्यावर मी दोन पत्रं टाकली आहेत. उत्तर नाही. प्रकृती बरी आहे असं कळतं, सत्काराला चालत गेले होते.

तेव्हा माधवराव, इथे चारचौघांत विचारते. वही तुम्ही घेतलीत, ठेवा. नाव गाळलंत, मला आता त्या नावाचं काही करायचं नाही. वाक्य मी बोलले, त्याचं ओझं मी इतकी वर्षं वाहिलं आहे आणि पुढेही वाहीन, त्यातला हिस्सा तुमच्या गळ्यात टाकत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे. नरसिंगरावांनी लेखणी खाली ठेवली होती. ती तुम्ही उचललीत. नंतर माझ्या बापानं तुमच्यापासून दोन हातांवर आपले हात पुढे धरले. खोलीतल्या बाकी प्रत्येकानं ते पाहिले. तुम्ही मान वर केली होतीत का? केली नसेल तर का नाही, आणि केली असेल तर तो शेरा तसाच का ठेवलात? सोपानकाका म्हणत होतात ना तुम्ही त्यांना? उत्तर द्या.